लेस्टरला निघालेल्या वृत्तनिवेदिकेला

पत्र: मी नागपूरची, वय 31. मराठीत एम.ए. केलं, मग विद्यापीठातून जनसंवादाची पदवी घेतली. सहा वर्षांपासून आकाशवाणीवर हंगामी वृत्तनिवेदिका आहे. महिन्यातले काही दिवस बातम्या वाचते, इंग्रजी-हिंदी बातम्यांचे अनुवाद करते. उरलेले दिवस एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. नवरा रेडिओग्राफर आहे. त्याला इंग्लंडमध्ये लेस्टरच्या रुग्णालयात नोकरी लागली असून ऑक्टोबरात आम्ही निघतोय. मी डिपेंडंट व्हिसावर जाणार. मला रेडिओ पत्रकारिताच करायची आहे. मैत्रीण म्हणते, 'तुझं इंग्रजी ऐकून तिथले लोक रेडिओ बंद करून टाकतील गं.' बाबा म्हणतात, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स करून टाक. सासूबाई म्हणतात, घरी बसून मराठी पॉडकास्ट कर. बीबीसी मराठीत प्रयत्न करू का? की तिथे आधी पत्रकारितेत एम.ए. करू? — र. दे., त्रिमूर्तीनगर, नागपूर

प्रिय र.,

बीबीसी मराठीचं आधी निकालात काढू, कारण अर्ध्या लोकांची गाडी तिथेच अडते. ही सेवा 2017 साली सुरू झाली ती दिल्लीतून, आणि वेब व व्हिडिओसाठी. एप्रिल 2024 पासून बीबीसीच्या भारतीय भाषांचं काम कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतीय कंपनी करते. लेस्टरला जाऊन तुम्ही त्या नोकरीच्या जवळ जात नाही, दूर जाता. नागपूरहून दिल्ली एका रात्रीची गाडी आहे! आणि रेडिओच म्हणाल, तर बीबीसी हिंदीचंसुद्धा शॉर्टवेव्ह प्रसारण जानेवारी 2020 अखेर थांबलं. ब्रिटनमध्ये राहून मराठीतून रेडिओच्या बातम्या देण्याची पगारी नोकरी जवळजवळ नाहीच. हे कडू आहे, पण विमानात बसायच्या आधी गिळलेलं बरं.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, बस. सामुदायिक रेडिओचंही तेच. म्हणजे नागपुरात चार-पाच एफएम असले तरी रेडिओची बातमी करणारी जागा एकच, सिव्हिल लाइन्समधलं आकाशवाणी केंद्र. 1948 पासून तीच. म्हणून आपल्या डोक्यात 'रेडिओ पत्रकार' म्हटलं की स्टुडिओत बसून बातमीपत्र वाचणारा आवाज येतो. ब्रिटनमध्ये असं बंधन नाही. बीबीसीची स्थानिक केंद्रं, व्यापारी केंद्रं, तीनशेहून जास्त सामुदायिक केंद्रं, ज्याला जमेल तो बातमी देतो. तुम्ही मोठ्या मैदानात चालल्या आहात. फक्त तिथे निव्वळ वाचणाऱ्याची जागा नसते. फोन लावायचा, जागेवर जायचं, लोकांना बोलतं करायचं, परतीच्या बसमध्ये लॅपटॉपवर आवाज कापायचा, चार ओळी लिहायच्या आणि तासाच्या ठोक्याला त्या आपणच वाचायच्या, हे सगळं एका माणसाचं काम.

म्हणून माझं सांगणं एवढंच: लेस्टरात आवाज म्हणून काम मागू नका, बातमीदार म्हणून मागा. आणि तेही मराठी-हिंदी कोपऱ्यात नको, त्या गावाच्या रोजच्या बातमीत मागा.

फरक कुठे पडेल ते दाखवते. ही बातमी तुम्ही झोपेतही वाचाल: 'महानगरपालिकेच्या वतीनं मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचं काम हाती घेण्यात आलं असून, त्यामुळे शहराच्या पश्चिम भागात उद्या पाणीपुरवठा होऊ शकणार नाही. नागरिकांनी पाण्याचा साठा करून ठेवावा, असं आवाहन प्रशासनाकडून करण्यात आलं आहे.' यात चूक काही नाही. पण यात माणूसही नाही. तिकडच्या तासाच्या बातम्यांत हीच बातमी अशी निघेल: 'धरमपेठ आणि गोकुळपेठेत उद्या दिवसभर नळाला पाणी येणार नाही. फुटलेली जलवाहिनी बदलायला बारा तास लागतील, असं महापालिका म्हणते. गोकुळपेठेत डबे पुरवणाऱ्या एका बाईंना हे आमच्याकडूनच कळलं.' मग त्या बाईंचा आवाज, दहा-पंधरा सेकंद: 'उद्या साठ डबे आहेत माह्याकडे. पाणी काय टँकरवाल्याच्या पाया पडून आणू?' मग महापालिकेचं उत्तर एका वाक्यात. चाळीस सेकंदांत खेळ संपला. 'करण्यात आलं' कुठेच नाही, आणि पहिल्या वाक्यातच ऐकणाऱ्याला कळलं की हे आपल्या घरचं आहे की नाही.

रोज आकाशवाणीची एक बातमी घ्या आणि अशी मोडून पुन्हा बांधा, इंग्रजीतून. हिशेब सोपा आहे: इंग्रजी वाचनात सेकंदाला तीन शब्द धरतात. तीस सेकंदांची बातमी म्हणजे नव्वद शब्द, एकही वर नाही. या बाबतीत तुम्ही पुढे आहात. लाल दिवा लागल्यावर न अडखळणं, हातात ऐन वेळी कोंबलेला कागद पहिल्यांदाच पाहून वाचणं, सेकंद मोजून बातमीपत्र संपवणं, हे तुमच्या अंगात मुरलेलं आहे. नुसत्या पदवीवर आलेल्या मुलांना ते शिकायला वर्ष जातं.

मैत्रिणीला सांगा, रेडिओ बंद होणार नाही. ब्रिटिश रेडिओवर स्कॉटिश, वेल्श, ब्रुमी म्हणजे बर्मिंगहॅमचं, पंजाबी सगळ्या धाटणीचं इंग्रजी ऐकू येतं. उच्चार भारतीय आहे म्हणून कोणी हाकलणार नाही. हाकलतील ते गावांची नावं चुकवली म्हणून. लेस्टरशेजारचं लफबरा इंग्रजीत कसं लिहितात ते एकदा पाहा. ग्रूबीचं स्पेलिंग वाचून तुम्ही 'ग्रोबी' म्हणाल. आणि ज्याला तिथे 'बीव्हर' किल्ला म्हणतात, तो कागदावर 'बेल्व्हॉयर' दिसतो. कोणी नवखा रेडिओवर आपल्या सीताबर्डीला 'सीताबुलडी' म्हणाला की अख्खं नागपूर कसं हसतं? बर्डीला बर्डी म्हणणाराच आपला. जिल्ह्याचा नकाशा घेऊन बसा, बीबीसी रेडिओ लेस्टर इथूनच ऑनलाइन लावा आणि प्रत्येक गावाचं नाव ऐकून देवनागरीत लिहून काढा. देवनागरी हे तुमचं हत्यार आहे, जसा उच्चार तसं लिहिता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे वेग. आपण इंग्रजी वाचताना प्रत्येक शब्दावर सारखा भार देतो आणि पळतो. वाक्यात एकाच शब्दावर वजन द्या, बाकीचे सोडून द्या.

गावही तुम्हाला बरं मिळालं आहे. बीबीसीचं सगळ्यात पहिलं स्थानिक रेडिओ केंद्र लेस्टरचंच, नोव्हेंबर 1967 चं. 1972 मध्ये इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेनं युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, जागा नाही. लोक आलेच. बेलग्रेव्ह रोड गुजरात्यांचा झाला. आणि चार वर्षांनी त्याच गावच्या बीबीसी केंद्रानं आशियाई श्रोत्यांसाठी इंग्रजीतून कार्यक्रम सुरू केला, ज्यातून पुढे बीबीसीचं एशियन नेटवर्क हे रेडिओ केंद्र उभं राहिलं. म्हणजे आपल्यासारख्या चेहऱ्याची बातमीदार दारात उभी राहिली तर त्या गावाला नवल वाटत नाही. पण त्या केंद्रातही आता सुगी नाही. 2023 पासून बीबीसीच्या स्थानिक केंद्रांना दुपारी दोननंतरचे बरेच कार्यक्रम शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावे लागतात. त्यावरून पत्रकारांनी संपही केला. पहिल्या महिन्यात तिथे अर्ज टाकून उत्तराची वाट बघत बसलात तर हिवाळा तसाच जाईल, आणि तो हिवाळा नागपूरच्या डिसेंबरसारखा गुलाबी नसतो.

सुरुवात सामुदायिक केंद्रापासून करा. 2004 च्या आदेशानं या केंद्रांना ब्रिटनमध्ये कायदेशीर चौकट मिळाली. ती बहुतांश स्वयंसेवकांवर चालतात आणि नव्या माणसाला शिकवणं हे त्यांच्या कामातच धरलेलं असतं. लेस्टरात अशी केंद्रं आहेत, लहान मुलांनी चालवलेलं टेकओव्हर रेडिओसुद्धा त्याच गावचं. याशिवाय एक दार असं आहे जे आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही: हॉस्पिटल रेडिओ. रुग्णालयातल्या पेशंटसाठी स्वयंसेवकांनी चालवलेलं छोटं केंद्र. वॉर्डावॉर्डांत फिरून फर्माइशी गोळा करायच्या आणि रात्री लावायच्या. ब्रिटनचे कितीतरी नावाजलेले निवेदक तिथूनच निघाले आहेत. तुमच्या घरातलाच माणूस रुग्णालयात जाणार आहे, पहिल्या आठवड्यात त्याला चौकशी करायला लावा. अनोळखी आजारी म्हाताऱ्याशी त्याच्या बोलीत दोन मिनिटं गप्पा मारता आल्या, की तुमचं अर्धं कानाचं शिक्षण झालं.

एका गोष्टीची मात्र ताकीद देऊन ठेवते. कुठल्याही केंद्रात गेलात की ते तुम्हाला बघून प्रेमानं विचारतील, 'रविवारी बॉलिवूड गाण्यांचा तास करता का?' मोह होईल. आपलीच गाणी, आपलीच भाषा, दोन आठवड्यांत दिवाणखान्यात कौतुक. करू नका. किंवा केलात तर या अटीवर की आठवड्यातले दोन दिवस बातम्यांच्या टेबलावर बसू देतील. एकदा गाणीवाली बाई म्हणून तुमची ओळख पक्की झाली की नगर परिषदेच्या बैठकीला तुम्हाला कोणी पाठवत नाही. तुम्ही स्वतःहून जा. बैठकी लोकांना खुल्या असतात, कागदपत्रं आधी ऑनलाइन येतात. बसमार्ग बंद होतोय, वाचनालयाचे तास कमी होतायत, कचऱ्याचा डबा पंधरवड्यानं उचलणार, असल्या बातम्यांनीच बातमीदार घडतो. हिवाळी अधिवेशन ज्यानं नागपुरात ऐकलंय त्याला तिथली बैठक फार झोंबणार नाही. आवाज मात्र खालच्या पट्टीत असतो.

कायद्याचं थोडं गंभीरपणे घ्या. आपल्याकडे आरोपीला पकडलं की दुसऱ्या दिवशी पेपरात 'त्याच्यावर याआधीही तीन गुन्हे दाखल आहेत' हे असतंच. इंग्लंडमध्ये अटक झाल्या क्षणापासून हे वाक्य तुम्हाला आणि केंद्राला न्यायालयाच्या अवमानात ओढू शकतं, 1981 च्या कायद्यानं. कारण तिथे गंभीर खटल्यांचा निकाल ज्युरी देते, आणि उद्या त्या ज्युरीत तुमचा श्रोता बसलेला असू शकतो. आपल्याकडची ज्युरी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेबरोबर संपलीच, त्यामुळे आपल्या हाताला ही सवय नाही. अल्पवयीन आरोपींची नावं, कौटुंबिक न्यायालय, बदनामी, ऑफकॉम या प्रसारणावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे नियम, हे सगळं शिकल्याशिवाय कुठलाही संपादक तुमच्या हातात लाइव्ह माइक देणार नाही, आणि देऊही नये.

मग एम.ए.? लगेच नको. परदेशी विद्यार्थ्याची फी पंधरा-वीस हजार पौंडांच्या घरात जाते. एवढे पैसे ओतून वर्गात बसल्यावर कळायचं की सकाळी पाचची शिफ्ट आपल्याला झेपत नाही. आधी सहा-आठ महिने सामुदायिक केंद्रात काढा. त्यानंतरही भूक टिकली तर कोर्स शोधा, आणि शोधताना विद्यापीठाचं नाव पाहू नका. एनसीटीजे किंवा बीजेटीसी या पत्रकारितेच्या प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या ब्रिटिश संस्थांची मान्यता आहे का, तेवढंच पाहा. बीजेटीसी खास प्रसारण पत्रकारितेची. एनसीटीजेचे पदविका अभ्यासक्रम काही ठिकाणी अर्धवेळही करता येतात, एम.ए.पेक्षा स्वस्तात पडतात, आणि बीबीसीच्या पैशातून नगर परिषदांवर बातमीदार नेमायची जी योजना आहे, तिच्या जाहिरातींत हीच पात्रता मागतात. अप्रेंटिसशिपच्या जाहिराती पाहून हुरळू नका. इंग्लंडमध्ये त्यासाठी साधारण तीन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. तीन वर्षांनी बघता येईल.

एक अवघड गोष्टही लिहिते. 2022 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लेस्टरात हिंदू आणि मुस्लिम तरुणांच्या गटांत तणाव उसळला होता, आणि व्हॉट्सअॅपवरच्या अफवांनी त्यात तेल ओतलं. तेव्हा हिंदी, गुजराती, उर्दू समजणारा आणि तरी दोन्ही गल्ल्यांत जाऊन बोलू शकणारा बातमीदार किती कामाचा, ते संपादकांना चांगलं माहीत आहे. तुमच्या हिंदीची खरी किंमत तिथे आहे, गाण्यांच्या तासात नाही. पण तुम्ही नागपूरच्या, हे कळल्यावर काही लोक संघाचं मुख्यालय आठवून तुमच्याबद्दल मत बनवतील, काही दीक्षाभूमी आठवून. दोघांनाही चहा पिऊन प्रश्न विचारायचे. तुमच्या फेसबुकवर आज जे काही राजकीय फॉरवर्ड पडलं असेल ते निघण्यापूर्वी साफ करा. तिथला संपादक अर्ज हातात आल्यावर पहिलं तेच उघडतो.

पैशाच्या बाबतीत बाबा पूर्ण चुकलेले नाहीत. पहिलं वर्ष रेडिओ तुम्हाला काही देणार नाही, उलट बसभाडं घेईल. पण टेस्टिंगचा कोर्स कशाला? मन नसलेल्या कामाला तुमची पहाट जाईल. तुमच्या हातात अनुवादाची सहा वर्षं आहेत. रुग्णालयं, शाळा, नगर परिषदा यांना हिंदी-मराठीचे दुभाषे लागतात, काम तासावर असतं, कम्युनिटी इंटरप्रिटिंगचा छोटा कोर्स करून घ्यावा लागतो. कुशल कामगाराच्या जोडीदाराला नोकरी, स्वतंत्र काम, शिक्षण, स्वयंसेवा सगळं करता येतं, फक्त व्यावसायिक खेळाडू होता येत नाही, त्यामुळे निश्चिंत राहा. हल्ली व्हिसाचं कार्ड हातात मिळत नाही, ई-व्हिसा असतो. त्यातल्या अटी स्वतः वाचा आणि काम देणाऱ्याला दाखवायचा शेअर कोड कसा काढायचा ते शिकून ठेवा. दुभाषी म्हणून जे कानावर पडेल ते मात्र बातमीत कधीही आणायचं नाही, इशाऱ्यानंही नाही. पहिली पगारी शिफ्ट मिळाली की एनयूजे या पत्रकार संघटनेचं सभासदत्व घ्या. मुक्त बातमीदारानं किती पैसे मागावेत याचा तक्ता त्यांच्याकडे आहे. नवी माणसं दर विचारायला लाजतात आणि फुकटात राबतात.

सासूबाईंचा पॉडकास्ट? करा की, रविवारी. सासूबाई ऐकतील, आनंद आहे. पण अर्जात तो पहिल्या ओळीत लिहू नका.

निघण्यापूर्वी दोन कामं. आकाशवाणीवरच्या तुमच्या नेमणुकांची पत्रं, मानधनाच्या नोंदी, जे काही कागद असतील ते सगळे स्कॅन करा आणि कामाचं स्वरूप सांगणारं इंग्रजी पत्र वरिष्ठांकडे आत्ताच मागा. ऑक्टोबरात सगळ्यांना दिवाळीची घाई असते. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर या संकेतस्थळावर प्रादेशिक बातम्यांचे आवाज चढतात, त्यातली तुमची बातमीपत्रं उतरवून घ्या, ती कायम तिथेच राहतील असं धरून चालू नका.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. पोळा तोंडावर आहे. दुसऱ्या दिवशी फोन घेऊन इतवारीत मारबतीला जा, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत काढतात त्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला. शंभराहून जास्त वर्षं चाललेली ही मिरवणूक नागपूरबाहेर कोणाला धड माहीत नाही, लेस्टरात तर नाहीच. कानाला गोड लागेल असं काही शोधू नका. ढोलांच्या भिंतीपासून जरा लांब, एखाद्या दुकानाच्या आडोशाला उभं राहा, नाहीतर फोनमध्ये नुसती खरखर येईल. 'घेऊन जाय गे मारबत' ही आरोळी जवळून घ्या. बडग्या, म्हणजे लोकांचा राग काढायचा पुतळा, बनवणाऱ्या पोराला विचारा की यंदा कोणावर राग आहे. खांद्यावर नातू घेतलेल्या आजीला विचारा की काय घेऊन जा म्हणाल्या. एक मिनिट काही न बोलता नुसता गल्लीचा आवाज घ्या, जोडताना तोच उपयोगी पडतो. घरी येऊन ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरवर, ते फुकट आहे, दोन मिनिटांचा इंग्रजी तुकडा बांधा. पिवळी मारबत आणि काळी मारबत म्हणजे काय ते तीन वाक्यांत समजावता आलं नाही तर पुन्हा लिहा. बोलण्यासाठी कपाट उघडून लटकलेल्या साड्यांत तोंड घाला, स्टुडिओ तोच. माइक इथून विकत नेऊ नका, केंद्रात असतात.

केंद्राला कामाचा नमुना पाठवताना एकूण तीन मिनिटांच्या वर जाऊ नका, आणि त्यात आकाशवाणीचं मराठी वाचन वीस सेकंदांपेक्षा जास्त नको. सुरुवात त्या आजीच्या आवाजानं करा, तुमचं नाव नंतर येऊ द्या. न्यूज एडिटर पहिल्या काही सेकंदांत ठरवतो की पुढे ऐकायचं की दुसरी फाइल उघडायची.